मॅक्रो चालत नाही, की चालून चुकतो? दस्त टाइप करणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) परिसरात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात दस्त टाइप करता. खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र यांसाठी आधीच्या ऑपरेटरने वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, रेकॉर्ड करून ठेवले होते. पहिल्या पानावरच्या तक्त्यात नावं, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, मोबदल्याची रक्कम भरायची आणि बटण दाबायचं. मॅक्रो ती माहिती उचलून दस्तात जागच्या जागी टाकायचा. आता नवा संगणक आला, विंडोज ११ आणि नवं ऑफिस. ई-मेलने मागवलेली फाइल उघडली तर मॅक्रो चालतच नाही. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून आणली तर चालतो, पण रक्कम भलत्याच ओळीत पडते. म्हणून तुम्ही मॅक्रो उघडून त्यात मराठी शब्द लिहायला गेलात, तर नुसती ‘????’ उमटली. ऑफिस काढून पुन्हा टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

नका टाकू. त्यातलं काहीही त्याने सुटणार नाही, उलट जुन्या सेटिंगचा मागमूस जाईल. तुम्ही एक तक्रार म्हणून सांगितलेल्या या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांशी फारशी संबंधित नाहीत. मी वकिलांची ऑफिसं, पतसंस्था, हाउसिंग सोसायट्या यांच्यासाठी वर्डचे साचे बसवून देते. त्या कामात माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅक्रो सुरूच होत नाही, मध्येच अडतो, की शेवटपर्यंत जाऊन चुकीचं काम करतो? पहिली अवस्था सगळ्यात कटकटीची वाटते, पण तिच्यात नुकसान काहीच नाही. तिसरी अवस्था सगळ्यात धोक्याची. दस्तात आधीच्या पक्षकाराचा गट नंबर राहून गेला आणि तो तसाच नोंदणीला गेला, तर चूक-दुरुस्ती दस्ताचा खर्च आणि मनस्ताप पक्षकाराच्या डोक्यावर बसतो. तुमच्याकडे रक्कम चुकीच्या ओळीत पडतेय, म्हणजे तुम्ही तिसऱ्या अवस्थेत आहात. मूळ कारण सापडेपर्यंत त्या मॅक्रोने खरा दस्त करू नका, हे आधी सांगते.

आता सुरू न होण्याबद्दल. वर उमटणारी पट्टी पिवळी आहे की लाल, ते बघा. पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ बटण असतं. वर्ड फक्त परवानगी मागत असतो. लाल पट्टीवर तसं बटण नसतं, कारण तिथे वर्डने मॅक्रो अडवलेलाच असतो. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामागे जुना अनुभव आहे: मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस ई-मेलच्या वर्ड फाइलमधल्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता, आणि तसे प्रकार पुढेही चालूच राहिले.

फाइल इंटरनेटवरून आली हे वर्डला कळतं कसं? ब्राउझरने किंवा ई-मेल प्रोग्रामने फाइल उतरवली की विंडोज तिच्यासोबत एक छुपी खूण जोडून ठेवतं. ही खूण फक्त एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर टिकते. बाजारातले पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट-३२ किंवा एक्सफॅट असतात, त्यांच्यावर ती मावतच नाही. म्हणून ई-मेलची फाइल अडते आणि पेन ड्राइव्हची चालते. फाइल तीच असते, फरक एवढ्या खुणेचा. उपाय असा: फाइल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, जनरल टॅबच्या तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन दिसेल त्यात टिक करा आणि ओके म्हणा. झिपमधून फाइल काढणार असाल तर आधी झिपच अनब्लॉक करा, कारण विंडोजने झिप उघडली की खूण आतल्या फाइलींवरही उतरते.

हे अर्थातच ज्या फाइलीचा स्रोत तुम्हाला खात्रीने माहीत आहे तिच्यासाठीच. वर्डच्या ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ असा पर्याय आहे आणि अनेक जण घाईत तोच निवडायला सांगतात. वकिलाच्या ऑफिसात तर तो मुळीच नको. तुमच्याकडे अनोळखी पक्षकारांच्या फाइली रोज येतात. त्याऐवजी तुमच्या साच्यांसाठी एक वेगळा फोल्डर करा आणि ट्रस्ट सेंटरमध्ये ‘ट्रस्टेड लोकेशन’ म्हणून तेवढाच नोंदवा. डाउनलोड्स किंवा डेस्कटॉप नोंदवला तर कुलूप लावून किल्ली दारालाच टांगल्यासारखं होईल.

ऑफिसात दोन-तीन संगणक जोडलेले असतील आणि साचे एकाच मशीनवर असतील, तर आणखी एक मेख आहे. त्या मशीनला नावाऐवजी आयपी पत्त्याने, म्हणजे आकड्यांनी, उघडत असाल तर वर्ड त्या जागेला इंटरनेट समजतो आणि तिथल्या फाइलींचे मॅक्रो अडवतो. मशीनच्या नावाने शेअर उघडून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

मॅक्रो यादीतच दिसत नसेल तर कारण दुसरंच. ऑल्ट आणि एफ८ दाबल्यावर येणारी यादी रिकामी असेल, तर मॅक्रो या फाइलीत नाहीच. वर्ड २००७ पासून डॉक-एक्स फाइलीत मॅक्रो राहूच शकत नाही. त्यासाठी डॉक-एम किंवा साचा असेल तर डॉट-एम लागतो. फाइल डॉक-एक्स म्हणून सेव्ह करताना वर्ड तशी सूचना देतो, आपण न वाचता ‘येस’ म्हणतो आणि मॅक्रो गळून पडतो.

दुसरी शक्यता म्हणजे मॅक्रो जुन्या संगणकाच्या नॉर्मल डॉट-एम या साच्यात राहिलाय. रेकॉर्ड करताना जागा बदलली नाही तर तो तिथेच जातो, त्यामुळे कितीही दस्त कॉपी केले तरी तो सोबत येत नाही. जुनी हार्ड डिस्क वाचता येत असेल तर वापरकर्त्याच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स या वाटेने जा. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगावं लागतं. सापडलेली नॉर्मल फाइल नव्या नॉर्मलवर चढवू नका. तिला दुसरं नाव द्या आणि नव्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच फोल्डरात वर्ड, त्यात स्टार्टअप, तिथे ठेवा. वर्ड उघडताच जुने मॅक्रो हजर होतील आणि नवी सेटिंग शाबूत राहतील. वरच्या पट्टीवरचं जुनं बटण मात्र मॅक्रोची जुनी जागाच लक्षात ठेवतं. दाबल्यावर ‘मॅक्रो सापडत नाही’ असं आलं तर बटण काढून नव्याने जोडा, मॅक्रोला हात लावायची गरज नाही.

मध्येच अडण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे वर्ड स्वतःच कारण सांगतो. फक्त तीन गोष्टी. डिक्लेअर ओळींपाशी (विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या ओळी) ६४ बिटबद्दल तक्रार आली तर कारण नवं ऑफिस आहे. ऑफिस २०१९ पासून नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये ६४ बिटच येतं आणि जुन्या ३२ बिटच्या डिक्लेअर ओळींत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द घालावा लागतो. काही ठिकाणी व्हेरिएबलचे प्रकारही बदलावे लागतात, म्हणून ते जाणकाराकडून करून घ्या. ‘प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ सापडत नाही असं आलं तर मॅक्रोच्या खिडकीत (ऑल्ट आणि एफ११) टूल्समध्ये रेफरन्सेस उघडा आणि ‘मिसिंग’ लिहिलेल्या ओळीची टिक काढून बघा.

तिसरी गोष्ट एरर ५९४१. म्हणजे मॅक्रो जो तक्ता, रकाना किंवा बुकमार्क (दस्तातल्या जागेवर लावलेली नावाची खूण) शोधतोय तो तिथे नाही. ‘पहिल्यांदा चाललं, दुसऱ्यांदा ५९४१ आला’ असं ज्यांचं होतं त्यांनी बुकमार्ककडे बघावं. बुकमार्कच्या जागेवर मॅक्रोने मजकूर लिहिला की बुकमार्क पुसला जातो. मजकूर टाकल्यावर तोच बुकमार्क त्या मजकुराभोवती पुन्हा लावायची एक ओळ मॅक्रोत हवी.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते. रक्कम भलत्या ओळीत का पडते?

ऑल्ट आणि एफ११ दाबून मॅक्रो उघडा. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोत तुम्हाला ‘सिलेक्शन डॉट मूव्हडाउन’ आणि पुढे ‘डब्ल्यूडीलाइन’, काउंट अमुक, अशा ओळी भराभर दिसतील. रेकॉर्डर दस्ताच्या मजकुरात माउसने केलेली निवड टिपत नाही, म्हणून आधीच्या ऑपरेटरने बाणाच्या कळांनी खाली जात जात रेकॉर्डिंग केलं असणार. त्यामुळे मॅक्रोला ‘मोबदल्याची रक्कम’ हा मजकूर ठाऊकच नाही. त्याला फक्त इतक्या ओळी खाली, इतकी अक्षरं उजवीकडे एवढंच माहीत आहे. इथे ओळ म्हणजे पानावर दिसणारी ओळ. कागदाचा आकार, समास, फॉन्ट, अक्षराचा आकार यांतलं काहीही बदललं की परिच्छेद वेगळ्या ठिकाणी मोडतो आणि मोजणी चुकते.

आणि नव्या संगणकावर नेमकं हेच बदललंय, असा माझा अंदाज आहे. दस्ताचा फॉन्ट कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो कोकिळा, उत्साह, अपराजिता किंवा मंगल असेल तर लक्षात घ्या की विंडोज १० पासून हे मराठी फॉन्ट सगळ्या मशीनवर आपोआप बसत नाहीत. नेहमी असतो तो निर्मला यूआय. बाकीचे सेटिंगमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ म्हणून वेगळे घ्यावे लागतात. फॉन्ट नसला तरी वर्ड अडत नाही, एरर देत नाही. गुपचूप दुसरा फॉन्ट लावून मोकळा होतो. फॉन्टच्या खिडकीत नाव मात्र कोकिळाच दिसत राहतं. कोकिळा आकाराने बारीक, निर्मला रुंद. एका ओळीत मावणारी चतुःसीमा दोन ओळींवर गेली की तिच्या खालचं सगळं एक ओळ सरकतं. मॅक्रो बिचारा इमानाने मोजून दिलेल्या ओळी उतरतो आणि रक्कम क्षेत्राच्या ओळीत टाकतो.

म्हणून आधी फॉन्ट बसवा आणि दस्ताच्या प्रतीवर मॅक्रो चालवून बघा. जागा पुन्हा जुळल्या तर निदान बरोबर. पण तेवढ्यावर थांबू नका. उद्या एखाद्या पक्षकाराचं नाव लांबलचक निघालं, दोघांऐवजी पाच वारस आले, मखमलाबादच्या एका गटाऐवजी आडगावचे तीन गट आले, की हीच मोजणी पुन्हा फसणार. जुन्या संगणकावरही ती कधीतरी फसली असेल आणि कोणी हाताने सुधारून घेतलं असेल.

टिकाऊ उपाय म्हणजे ओळी मोजणं पूर्ण बंद करायचं. दस्ताच्या साच्यात जिथे माहिती यायची तिथे कंटेंट कंट्रोल, म्हणजे माहिती भरायची चौकट, ठेवा आणि प्रत्येकाला नाव द्या. मॅक्रोने त्या नावाने जागा शोधायची, मग ती कितव्याही ओळीवर असो. आपल्या दस्तांची मांडणी याला फार सोयीची आहे: पक्षकाराचं पूर्ण नाव सुरुवातीला एकदा आणि सहीपाशी एकदा येतं, मधे सगळीकडे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. म्हणजे जागा मोजक्याच लागतात.

पुष्कळ ऑफिसांत याउलट पद्धत असते. मागच्या पक्षकाराचा दस्त उघडायचा आणि ‘फाइंड-रिप्लेस’च्या मॅक्रोने नावं बदलायची. याला माझा ठाम विरोध आहे, आणि कारणं तांत्रिक आहेत. मराठीत नाव प्रत्यय घेऊन बदलतं. ‘पाटील’ शोधलं तर ‘पाटलांनी’ सापडत नाही, ‘नाशिक’ शोधलं तर ‘नाशकातील’ राहून जातं. उलट ‘राम’ बदलायला गेलात तर ‘रामचंद्र’ही बदलतो. गट नंबर ‘१२’ बदलताना ‘१२५’ आणि ‘७/१२’ दोन्ही बिघडतात. आणि मजकुरात इंग्रजी आकडे असतील तर मराठी आकड्यांनी केलेला शोध त्यांना शिवतही नाही.

शिवाय नुसता शोध फक्त मुख्य मजकुरातून फिरतो. हेडर, फूटर, तळटीप, टेक्स्ट बॉक्स या वर्डच्या लेखी वेगळ्या गोष्टी आहेत आणि मॅक्रोत ‘स्टोरी रेंजेस’ची फेरी लिहिली नसेल तर त्या तशाच राहतात. माझ्यापुढे आलेल्या दस्तांत आधीच्या पक्षकाराचं नाव बहुधा फूटरमध्ये सापडतं, कारण तिथे कोणी बघत नाही. कोऱ्या साच्यावरून दस्त केला तर हा धोका मुळातच उरत नाही.

तरी शोध घ्यावा लागलाच, तर मराठी अक्षरांची एक गोष्ट माहीत हवी. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात एकाहून अधिक पद्धतींनी लिहिला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, त्याचा क्रमांक २३५३. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’ आणि नुक्ता, २३५२ व २३६४. तिसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह, २३५२, २३८१ आणि ८२०५. पानावर सगळे सारखेच दिसतात, पण मॅक्रोच्या दृष्टीने वेगळे. वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप झालेले किंवा फोनवरून पाठवलेले मजकूर एकाच दस्तात आले की हमखास घोळ होतो. ‘चतुःसीमा’चंही तसंच: कोणी विसर्ग टाइप करतं, कोणी कोलन. शोध लागत नसेल तर डोळ्यांवर विश्वास न ठेवता अक्षराचा क्रमांक काढून बघा.

तो काढायचा कसा, याचं उत्तर तुमच्या प्रश्नचिन्हांशीच जोडलेलं आहे. वर्ड स्वतः युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना एकेक क्रमांक देणारी पद्धत, जाणतो, पण मॅक्रो लिहायची खिडकी जुन्या काळची आहे. ती विंडोजच्या जुन्या अक्षरसंचावर चालते आणि देवनागरीसाठी असा जुना संच विंडोजमध्ये कधी नव्हताच. म्हणून तिथे टाइप किंवा पेस्ट केलेलं प्रत्येक मराठी अक्षर ‘?’ होतं. तो तुमच्या संगणकाचा बिघाड नाही. मॅक्रोच्या साध्या इनपुट बॉक्सचंही तेच; मराठी माहिती त्यातून मागू नका.

मेसेज बॉक्सचा प्रकार मात्र फसवा आहे. तिथे प्रश्नचिन्हं दिसली तरी आतला मजकूर शाबूत असू शकतो, फक्त दाखवता येत नसतो. खरं-खोटं करायला ‘अ‍ॅस्क-डब्ल्यू’ हे फंक्शन वापरा. ते अक्षराचा क्रमांक देतं. क्रमांक २३०४ ते २४३१ च्या दरम्यान आला तर अक्षर देवनागरीच आहे, चिंता नको. ६३ आला तर ते खरोखरच प्रश्नचिन्ह झालंय आणि मूळ अक्षर गेलं.

मॅक्रोत मराठी शब्द हवाच असेल तर दोन वाटा आहेत. एखाद-दुसरं अक्षर असेल तर ‘सीएचआर-डब्ल्यू’ला क्रमांक देऊन ते तयार करता येतं. मराठी आकड्यांसाठी ही युक्ती छान आहे, कारण शून्याचा क्रमांक २४०६ आणि पुढे नऊपर्यंत ओळीने २४१५. म्हणजे इंग्रजी आकड्यात २४०६ मिळवलं की मराठी आकडा तयार. पण पूर्ण वाक्यं असतील तर ती मॅक्रोत ठेवूच नका. वर्डच्याच एका फाइलीत तक्ता करा, मराठी मजकूर त्यात लिहा आणि मॅक्रोने तिथून वाचायचा. तुमच्या पहिल्या पानावरचा तक्ता नेमका हेच काम करतोय, त्यामुळे ती कल्पना मोडू नका.

तक्त्यातून वाचताना एक बारकावा. रकान्याचा मजकूर मॅक्रोला मिळतो तेव्हा त्याच्या शेवटी रकाना संपल्याची दोन न दिसणारी अक्षरं चिकटलेली असतात. ती कापली नाहीत तर दस्तात नावानंतर विचित्र ओळ तुटते आणि त्या मजकुराने शोध घेतला तर काहीच सापडत नाही. रेंजचा, म्हणजे मॅक्रोने घेतलेल्या मजकुराच्या हद्दीचा, शेवट एक अक्षर मागे आणला की दोन्ही जातात.

इथवर जे लिहिलं ते युनिकोड मजकुराला लागू आहे. तुमचे जुने दस्त श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील तर हिशेब पूर्ण बदलतो, कारण तिथे संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. अशा मजकुराचा मॅक्रो युनिकोड दस्तावर कधीच चालणार नाही. रूपांतर करायचं ठरवलंत तर नुसतं अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. तयार रूपांतरक वापरा, पण नावं आणि आकडे डोळ्यांखालून घातल्याशिवाय ती फाइल साचा म्हणून ठेवू नका.

आणखी एक तक्रार याच कामात सारखी येते, तुम्हालाही येईल म्हणून सांगते: ‘मॅक्रोने ठळक केलं, पण इंग्रजी शब्द ठळक झाले आणि मराठी तसेच राहिले.’ वर्डमध्ये देवनागरीचं रूप इंग्रजीपासून वेगळं सांभाळलं जातं. मॅक्रोत ‘फॉन्ट डॉट बोल्ड’ लिहिलं तर ते इंग्रजीला लागतं. मराठीसाठी ‘बोल्ड-बीआय’ लिहावं लागतं. तसंच नावासाठी ‘नेम-बीआय’ आणि आकारासाठी ‘साइज-बीआय’. साच्यात स्टाइल नीट बसवून मॅक्रोने फक्त स्टाइल लावली तर ही भानगडच राहत नाही, आणि माझा कल त्याकडेच असतो.

आता प्रत्यक्ष शोधाची पद्धत. दस्ताची प्रत काढा, खऱ्या फाइलीला हात नको. मॅक्रोची खिडकी अर्ध्या पडद्यावर आणि दस्त उरलेल्या अर्ध्यात ठेवा. मॅक्रोत कर्सर नेऊन एफ८ दाबत एकेक ओळ चालवा. पिवळी झालेली ओळ अजून चाललेली नसते, पुढच्या एफ८ला चालते. हे विसरलं की आपण भलत्या ओळीला दोष देतो. प्रत्येक दाबानंतर दस्तात कर्सर कुठे गेला ते बघा. तुमच्याबाबतीत एखाद्या मूव्हडाउनपाशी तो अपेक्षेपेक्षा वर थांबलेला दिसेल. चूक तिथूनच सुरू होते.

सुरुवातीला ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ अशी ओळ असेल तर तिच्या सुरुवातीला एक एकेरी अवतरणचिन्ह (') टाकून ती तात्पुरती बंद करा. त्या ओळीमुळे मॅक्रो प्रत्येक चूक गिळून पुढे जातो आणि ‘काम झालं’ असा समज होतो. दस्तांच्या मॅक्रोत ही ओळ मी ठेवत नाही. मॅक्रो अडून उभा राहिला तर आपल्याला कळतं, चूक गिळून पुढे गेला तर पक्षकाराला कळतं.

मॅक्रो फिरतच राहिला, वर्ड गोठला, असं झालं तर बहुधा शोधाच्या फेरीत ‘डब्ल्यूडी-फाइंड-कंटिन्यू’ असतं. समजा ‘श्री’च्या जागी ‘श्री./श्रीमती’ टाकायचंय, नव्या मजकुरातही ‘श्री’ आहेच, मग शेवटाला जाऊन तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि थांबत नाही. तिथे ‘डब्ल्यूडी-फाइंड-स्टॉप’ करा. शोधाची आधीची सेटिंगही वर्ड लक्षात ठेवतो, म्हणून प्रत्येक शोधाआधी ती साफ करणारी ओळ हवी. नाहीतर कोणी सकाळी हाताने ‘ठळक अक्षरंच शोध’ असं केलेलं असतं आणि दुपारी मॅक्रोला काहीच सापडत नाही.

वर्ड २०१० पासून मॅक्रोत ‘अनडू रेकॉर्ड’ची सोय आहे. सुरुवातीला आणि शेवटी एकेक ओळ टाकली की मॅक्रोने केलेले सगळे बदल एकाच कंट्रोल-झेडने मागे जातात. तुमच्यासारख्या कामात ही सोय फार उपयोगी.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. साच्यांचा फोल्डर करून तो ट्रस्टेड लोकेशन म्हणून नोंदवा आणि फाइल अनब्लॉक करा. मग जुन्या दस्ताचा फॉन्ट कोणता ते बघून तो बसवा. मग प्रतीवर एफ८ने एक फेरी. हे तुम्हाला एका निवांत दुपारी जमेल. ओळी मोजणाऱ्या मॅक्रोच्या जागी कंटेंट कंट्रोलचा साचा करणं मात्र वेळेचं काम आहे. सगळ्यात जास्त होणारा दस्त, बहुधा खरेदीखत, त्याच्यापासून सुरू करा आणि बाकीचे सवडीने. तोवर मॅक्रोने भरलेला प्रत्येक दस्त छापल्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम आणि फूटर या पाच जागा मूळ ७/१२ आणि पक्षकाराच्या कागदांशी ताडून बघा. स्टॅम्प पेपरवर छापायच्या पानासाठी वर सोडलेली जागाही तपासा, कारण फॉन्ट बदलला की पानं मोडायच्या जागाही सरकतात.

एवढं करूनही अडलं तर पुन्हा विचारा आणि सोबत चार गोष्टी द्या: एररचा क्रमांक, त्या वेळी पिवळी असलेली ओळ जशीच्या तशी, दस्ताच्या फॉन्टचं नाव, आणि फाइल मेनूत अकाउंटमध्ये ‘अबाउट वर्ड’ दाबल्यावर दिसणारी आवृत्ती व बिट. दस्ताचा फोटो पाठवणार असाल तर पक्षकाराचं नाव, आधार आणि पॅन क्रमांक झाकून पाठवा.